काळ्या चबुतऱ्याची फौज

छत्रपती संभाजीनगरच्या ज्या जागेस आज क्रांती चौक म्हणतात, तिचे जुने नाव काळा चबुतरा. १८५७ साली येथेच बंडखोर ठरलेल्या शिपायांना देहान्त शासन झाले. ते शिपाई कोणत्या फौजेचे, आणि त्या फौजेचा खरा धनी कोण, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

इ. स. १८०० च्या तहान्वये निजामाने युद्धप्रसंगी ६,००० पायदळ व ९,००० घोडदळ इंग्रजांच्या मदतीस द्यावे असे ठरले. तैनाती फौज याहून निराळी. तिच्या खर्चापोटी निजामाने त्याच तहात मुलूख तोडून दिला होता. मदतीची फौज निजामाची स्वतःची, आणि तीही लढाईपुरती. परंतु हेन्री रसेल हा रेसिडेंट असताना इंग्रज अंमलदारांच्या हाताखाली कवाइती पलटणी उभ्या राहिल्या. त्यांस ‘रसेल ब्रिगेड’ म्हणत. चंदूलालाच्या कारभारात ही व्यवस्था फोफावली आणि शांततेच्या काळातही कायम झाली. हुकूम इंग्रजांचा, पगार निजामाचा! खजिना रिता पडला की पामर कंपनीच्या पेढीकडून जबर व्याजाने रक्कम उचलावी, हा क्रम होऊन बसला.

या फौजेतील घोडदळाची रचना मराठी माणसास परकी वाटणार नाही. ती शिलेदारी होती. घोडा शिलेदाराच्या मालकीचा. दुसऱ्याच्या घोड्यावर चाकरी करणारा तो बारगीर. रिसालदार, जमादार, दफेदार हे हुद्दे देशी, पण त्यांच्या डोक्यावर अधिकारी इंग्रज. घोडा हीच शिलेदाराची पुंजी असल्यामुळे, बंड करणारा नोकरीबरोबर त्या पुंजीवरही पाणी सोडीत असे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

अखेर थकलेल्या खर्चाचे निमित्त करून २१ मे १८५३ रोजी इंग्रजांनी नवा तह करविला. वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब त्यांच्या कारभाराखाली गेले. ‘हैदराबाद कंटिंजंट’ या नावाने ५,००० पायदळ, २,००० घोडदळ व चार तोफखाने ठेवण्याचे ठरले. औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई, एलिचपूर, बोलारम अशी तिची ठाणी होती.

चार वर्षांनी या व्यवस्थेची परीक्षा झाली. जून १८५७ मध्ये औरंगाबादच्या पहिल्या रिसाल्यात वार्ता पसरली की, आपणांस दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढावयास नेणार. निजामाच्या मुलुखाबाहेर जाणार नाही, असे स्वारांचे म्हणणे पडले. जनरल वुडबर्न पुण्याकडून फौज घेऊन आला आणि त्याने रिसाल्यास शस्त्रे खाली ठेवण्यास फर्माविले. दफेदार मीर फिदा अली याने कॅप्टन ॲबट याजवर गोळी झाडली व तो फाशी गेला. याच रिसाल्यातील जमादार चिदा खान बुलढाण्याहून निसटून हैदराबादेस पोहोचला. सालारजंगाने त्यास धरून रेसिडेंटाच्या हवाली केले, आणि १७ जुलै रोजी तुर्रेबाज खान व मौलवी अलाउद्दीन यांनी रेसिडेन्सीवर हल्ला चढविला.

दुसऱ्या बाजूस याच कंटिंजंटच्या तुकड्या १८५८ साली सर ह्यू रोजबरोबर झाशी-काल्पीच्या मोहिमेत लढल्या. एकाच फौजेची ही दोन तोंडे! १९०३ साली ती हिंदी लष्करात विलीन झाली.

औरंगाबादच्या स्वारांनी विचारलेला प्रश्न साधा होता: चाकरी निजामाची, तर दिल्लीस का जावे? १८५३ च्या तहाने त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवले होते. जो हुकूम देतो तोच फौजेचा धनी, पगार कोणाच्याही मुलुखातून येवो. स्वारांना ते काळ्या चबुतऱ्यावर कळले.