चिपची लिपी

लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की मंडळी रॅम किती, डिस्क केवढी आणि किंमत काय, एवढंच विचारतात. लिनक्स वापरणाऱ्याला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : आत ग्राफिक्सची चिप कोणाची आहे? पडद्यावर जे जे दिसतं ते रेखाटणारी ही चिप, आणि तिला हुकूम देणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. चिपशी कुठल्या भाषेत बोलायचं ते बनवणाऱ्या कंपनीला माहीत असतं. ते इतरांना सांगायचं की नाही, हेही कंपनीच ठरवते. सगळा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो. आयुष्यभर शाळेत इतिहासच शिकवला, त्यामुळे या प्रश्नाकडेही मी त्याच वाटेने जाणार!

सुरुवात एका प्रिंटरपासून करू. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. कागद अडकला की सगळ्यांना तसा निरोप जावा, एवढी सोय रिचर्ड स्टॉलमन यांना करायची होती. पण प्रिंटरच्या प्रोग्रामचा सोर्स कोड त्यांना मिळाला नाही. ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. १९८३ साली त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरची ग्नू चळवळ जाहीर केली, आणि १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहायला घेतला. म्हणजे बघा, या सगळ्याच्या मुळाशी भांडण होतं ते एका ड्रायव्हरचंच.

पुढे त्रिमिती खेळांमुळे ग्राफिक्स चिपा फार गुंतागुंतीच्या झाल्या आणि कंपन्यांमध्ये चढाओढ लागली. एनव्हिडियाने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला, पण तो तयार, बंद डब्यातला. चालायचा उत्तम, हे मान्य केलं पाहिजे. मात्र लिनक्सचा गाभा सारखा बदलत असतो. त्याबरोबर ड्रायव्हरही बदलावा लागतो, आणि बंद डब्यातलं बदलणार कोण? फक्त कंपनी, तेही तिची इच्छा असेपर्यंत.

मग २००५ च्या सुमारास काही प्रोग्रामरांनी ठरवलं, कंपनी सांगत नसेल तर आपण ओळखून काढू. या प्रकल्पाचं नाव नुवो, म्हणजे फ्रेंचमध्ये 'नवा'. त्यांची पद्धत वाचली तेव्हा मला जेम्स प्रिन्सेप आठवला. कलकत्त्याच्या टाकसाळीतल्या या अधिकाऱ्याने १८३७ साली ब्राह्मी लिपी उलगडली. सांचीच्या छोट्या छोट्या लेखांच्या शेवटी तीच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, हे त्याच्या लक्षात आलं. देणगीदारांचे लेख असतील तर शेवटचा शब्द 'दानं' असणार, असा त्याने तर्क केला आणि कुलूप उघडलं. नुवोवाल्यांनीही तेच केलं. कंपनीचा ड्रायव्हर चालवायचा, पडद्यावर एखादी साधी आकृती काढायची आणि त्याआधी व त्यानंतर चिपमधले कुठले आकडे बदलले ते टिपून ठेवायचं. असं हजारो वेळा करून एकेक अक्षर लावायचं. २०१० साली नुवो लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला.

फरक एवढाच, की सांचीचे लेख कोरणारे केव्हाच काळाआड गेले होते. इथे लिहिणारे हयात होते, फक्त बोलत नव्हते.

दुसऱ्या बाजूला काही कंपन्या बोलू लागल्या होत्या. इंटेलने २००६ पासून आपल्या चिपांचे मुक्त ड्रायव्हर जोमाने पुढे आणले आणि २००८ मध्ये चिपांची माहितीपुस्तकंही खुली केली. एएमडीने २००६ साली एटीआय विकत घेतली आणि २००७ मध्ये चिपांची माहिती द्यायला सुरुवात केली. पण नुसत्या नावावर जाऊ नये. २००८ साली इंटेलच्याच नावाने जीएमए ५०० ही चिप आली. तिचा ग्राफिक्सचा गाभा मात्र दुसऱ्या कंपनीकडून घेतलेला, म्हणून माहितीही बंद. इंटेल म्हणून डोळे मिटून घेणारे फसले.

लॅपटॉपवाल्यांचं दुखणं २०१० नंतर आणखी वाढलं. एकाच यंत्रात दोन चिपा, एक काटकसरी आणि एक ताकदवान, गरजेप्रमाणे आलटून पालटून वापरायच्या. एनव्हिडियाची ही सोय लिनक्सवर सुरुवातीला धड चालतच नसे. २०१२ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात एका श्रोतीने हाच प्रश्न टोरवाल्ड्सना विचारला. त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून त्या कंपनीच्या नावाने भलताच असभ्य हातवारा केला! माझ्या वर्गात असते तर बाकावर उभं केलं असतं. राग मात्र समजण्यासारखा होता.

२०१४ च्या सुमाराच्या चिपांपासून तर कंपनीची डिजिटल सही नसलेलं फर्मवेअर चिपच नाकारू लागली. नुवोला लिपी वाचता येत होती, पण चिपला पूर्ण वेगाने पळवता येईना. शेवटी मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने ड्रायव्हरचा गाभ्याशी जोडलेला भाग खुला केला. तोही २०१८ पासूनच्या पिढ्यांसाठी, आणि वरचा बराचसा भाग बंदच ठेवून.

या इतिहासाचा व्यवहारात अर्थ काय? दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा. एनव्हिडियाच्या २०१० सालच्या पिढीला पोसणारा तिचा बंद ड्रायव्हर २०२२ अखेर थांबला. त्या चिपांना आज हात देतो तो नुवोच. उलट इंटेलच्या २००६ पासूनच्या जुन्या चिपांसाठी २०२१ मध्ये क्रोकस नावाचा नवाकोरा ड्रायव्हर आला! पंधरा वर्षं जुन्या वस्तूसाठी कुठली कंपनी असं करील? पण माहिती खुली होती, म्हणून दुसऱ्या कुणालाही ते करता आलं.

मी हे लिहितो आहे तो लॅपटॉप २०११ सालचा, आतली चिप इंटेलची. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला दर चार वर्षांनी नवं यंत्र परवडत नाही. तेव्हा नातलगांपैकी कुणी विचारलं, तर माझा सल्ला असा : लिनक्स वापरायचं असेल आणि लिहिणं, वाचणं, चित्रपट बघणं एवढंच काम असेल, तर प्रोसेसरमध्येच असलेली इंटेलची किंवा एएमडीची ग्राफिक्स चिप घ्या. ताकदवान एनव्हिडिया हवीच असेल, तर २०१८ नंतरच्या पिढीची बघा. जुनी, स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका.

पेशवे दफ्तरात मोडीतले कागद ढिगांनी आहेत. ते कुणी लपवलेले नाहीत, पण वाचणारे मोजकेच उरले, म्हणून कितीतरी कागद मुकेच आहेत. यंत्राचंही तसंच. त्याची लिपी जितक्या जणांना येते, तितकं त्याचं आयुष्य.