रक्तदाबाचे सोबती

संकटें एकटीं येत नाहींत, असें मराठींत म्हणतात. रक्तदाबाच्या बाबतींत हें साधें सत्य मान्य होण्यास वैद्यकशास्त्राला साठांहून अधिक वर्षें लागलीं.

इटलींतील रिव्हा-रोच्ची यांनीं १८९६ सालीं दंडाभोवतीं हवेची पट्टी आवळून रक्ताचा दाब मोजण्याचें सुटसुटीत साधन तयार केलें. १९०५ सालीं रशियांतील कोरोत्कोव्ह यांनीं रक्तवाहिनींतील आवाज नळीनें ऐकण्याची त्यास जोड दिली. डॉक्टरांच्या हातीं आंकडा आला. पण त्या आंकड्यापलीकडे पाहणारे थोडे निघाले.

त्या थोड्यांपैकीं एक स्वीडनचे एस्किल क्यूलिन. दाब चढलेल्या कित्येक रोग्यांच्या रक्तांत साखर व यूरिक आम्ल हींहि वाढलेलीं असतात, असें त्यांनीं १९२३ सालीं प्रसिद्ध केलें. वातरक्ताच्या व्याधींत सांध्यांत ज्याचे खडे सांचतात, तेंच हें आम्ल. माद्रिदचे ग्रेगोरियो मारान्योन यांनीं आदल्याच वर्षीं रक्तदाब व मधुमेह यांचें नातें मांडलें होतें. परंतु या सोबतीचें मूळ शोधण्याचें साधन त्या काळीं नव्हतें, आणि ती गोष्ट मागें पडली.

साखरेचा विनियोग घडविणारें इन्शुलिन १९२१ सालीं टोरांटो येथें हातीं आलें होतें. कांहीं मधुमेह्यांना तें टोंचलें तरी त्याचा अंमल शरीरावर नीट चालत नाहीं, हें लंडनचे हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनीं १९३६ सालीं दाखविलें. मांड्यांवरील चरबीहून धडाच्या वरच्या भागीं सांठलेली चरबी अधिक घातक, हा विचार मार्सेयचे झां व्हाग १९४७ सालापासून मांडीत आले.

हे सुटे धागे अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरल्ड रीव्हन यांनीं १९८८ सालीं एकत्र गुंफले. इन्शुलिनचा अंमल ढिला पडला म्हणजे शरीर तें अधिक निर्माण करूं लागतें. त्यामुळें मूत्रपिंडें मीठ धरून ठेवतात, मज्जातंतू उत्तेजित होतात आणि दाब चढूं शकतो. साखर व रक्तांतील मेद यांचेंहि प्रमाण बिघडतें. या समूहाचें ‘मेटाबॉलिक सिंड्रोम’ हें नांव पुढें रूढ झालें.

हा विकार स्थूल माणसांचाच, असें समजून कृश माणसानें निश्चिंत राहूं नये. २००४ सालीं पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचें जोड छायाचित्र ‘लॅन्सेट’ साप्ताहिकांत प्रसिद्ध झालें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन सारखें. पण युडकिन यांच्या शरीरांत चरबी शेंकडा ९.१, तर याज्ञिक यांच्या शरीरांत २१.२ भरली. २००५ सालीं आंतरराष्ट्रीय मधुमेह संघानें दक्षिण आशियांतील पुरुषांस कमरेच्या घेराची ९० व स्त्रियांस ८० सेंटिमीटर ही मर्यादा ठरविली. ती युरोपीयांच्या मर्यादेहून पुरुषांसाठीं कमी आहे.

दाबाबरोबर हे सोबतीहि असले, तर हृदयविकार व मधुमेह यांचा धोका वाढतो. म्हणून रक्तदाबाची गोळी नेमानें घेणाऱ्यानें कमरेस फीत लावून पाहावी, आणि साखर व मेद यांचीहि तपासणी करून घ्यावी. क्यूलिन यांनीं १९२३ सालीं पाहिलें, तें आज प्रत्येक घरीं पाहतां येण्याजोगें आहे.