देऊळगाव राजा ते जालना: दहा कोसांवरचे परराज्य (धागा)

परदेशातील विक्रेत्याकडून मागवलेले पार्सल चिखलीत किंवा मेहकरात दारापर्यंत येते आणि वस्तू हाती देण्याआधी कुरिअरवाला एक रक्कम सांगतो. वस्तूचे पैसे तर महिन्यापूर्वीच भरलेले असतात. मग हे कशाचे? सीमाशुल्काचे. त्याची आकारणी केवळ वस्तूच्या किमतीवर होत नाही. किमतीत वाहतूक आणि विमा मिळवून मूल्य ठरते, त्यावर शुल्क, शुल्कावर अधिभार, आणि या साऱ्या बेरजेवर आयजीएसटी. म्हणजे करावरही कर. आपल्या वतीने रक्कम आधी भरल्याबद्दल कुरिअर कंपनी जे घेते, ते निराळेच. 'भेटवस्तू' असे लिहून सुटण्याची वाट डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. अपवाद उरला तो जीवरक्षक औषधांचा आणि राखीचा. (राखीसोबत पाठवलेल्या भेटीचा मात्र नाही!)

समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या बुलढाणा जिल्ह्याला हा अनुभव नवा वाटावा, यात नवल नाही. परंतु याच जिल्ह्यातील तीन-चार पिढ्यांना 'परदेशी' खरेदीवरचा कर चांगला ठाऊक होता. त्यांचा परदेश देऊळगाव राजाहून दहाएक कोसांवर होता. त्याचे नाव जालना.

१८५३ साली हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. बुलढाण्याचा मुलूख त्यातच गेला. जालना, परभणी आणि औरंगाबाद निजामाकडे राहिले. गंमत अशी की कागदोपत्री वऱ्हाडचे स्वामित्व निजामाचेच होते. १९०२ च्या करारानेही ते नाकारले नाही. वर्षाला २५ लाख रुपये खंड ठरवून प्रांत कायमच्या पट्ट्याने घेतला, एवढेच. म्हणजे कारभार इंग्रजांचा, स्वामित्व निजामाचे, आणि तरीही निजामाच्या एका मुलुखातून त्याच्याच दुसऱ्या मुलुखात जाताना गाडी अडवणारा नाका निजामाचा!

या जकातीला लोक 'करोडगिरी' म्हणत. अकबराच्या काळात एक कोटी दामांच्या वसुलीसाठी नेमलेल्या अंमलदारास 'करोडी' म्हणत. त्याच कुळातला हा शब्द हैदराबाद संस्थानात सीमाशुल्क खात्याचे नाव होऊन बसला. दराचा पाया फार जुना होता. १८०२ साली कंपनी सरकार आणि निजाम यांच्यात व्यापारी तह झाला, त्यात मालाच्या किमतीवर शेकडा ५ असा दर ठरला. आणि ही जकात दुहेरी होती: संस्थानात येणाऱ्या मालावर, तशीच बाहेर जाणाऱ्यावरही. जालन्याच्या बाजारात शंभर रुपयांचा माल घेतला की तो वेशीवर एकशे पाचांचा होई.

पाच टक्के ही काही जुलमी रक्कम नव्हे, असे कोणी म्हणेल. दरापुरते ते खरे आहे. पण शेकडा पाच कशाचे, हा प्रश्न उरतोच. किमतीवर आधारलेल्या जकातीत किंमत ठरवणारा माणूस दराहून महत्त्वाचा असतो. दुकानदाराने कमी भावात दिलेले लुगडे नाक्यावरच्या कारकुनाला भारी वाटले, तर वाद कोणाशी घालायचा? माझ्या मते गिऱ्हाइकाला खरा जाच होतो तो याचा: घरून निघताना आकडा ठाऊक नसतो. आजही जाहीर केलेली किंमत अमान्य करून नवे मूल्य ठरवण्याचा अधिकार सीमाशुल्क अधिकाऱ्याला असतोच.

त्यातच नाण्यांचा घोळ. वऱ्हाडात इंग्रजी कलदार रुपया, संस्थानात हाली सिक्का. पुढे स्थिरावलेल्या दराने १०० कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. सहास सात, असा हिशेब. सराफाचा बट्टा त्यात धरलेला नाही. आज कार्डाने डॉलरमध्ये पैसे भरल्यावर बँक रूपांतराचे जे काही कापून घेते, त्याचेच हे जुने भावंड.

दक्षिणेला करोडगिरी, तर उत्तरेला आणखी विलक्षण प्रकार. जळगाव जामोदच्या वर सातपुडा ओलांडला की बुऱ्हाणपूरचा मुलूख. सिंधू नदीपासून निघालेली इंग्रजांची अंतर्गत जकात-रेषा तिथवर येऊन पूर्वेकडे महानदीच्या दिशेने वळत असे. १८६९ च्या सुमारास तिची लांबी २,३०० मैल होती आणि पहाऱ्यावर सुमारे १२,००० माणसे. तिच्या मोठ्या भागावर काटेरी झुडपांचे जिवंत कुंपण वाढवले होते. कशासाठी? मिठासाठी. मुंबई इलाख्यात मिठावरचा कर मणाला १ रुपया १३ आणे, तर उत्तर हिंदुस्थानात ३ रुपये. स्वस्त मीठ महाग मुलुखात चोरून जाऊ नये म्हणून हा खटाटोप. काही काळ या रेषेचा मुख्य अधिकारी होता ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा तोच. १ एप्रिल १८७९ पासून ही रेषा मोडीत निघाली. कुंपण वाळून गेले, तेव्हा दक्षिणेचा नाका मात्र जागच्या जागी होता.

१८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच्या हस्ते खामगावची रेल्वे सुरू झाली आणि तिथली कापसाची पेठ थेट मुंबई बंदराशी जोडली गेली. जालन्याला रेल्वे मिळाली ती १९०० च्या सुमारास. तोवर निजामी मुलुखातून खामगावच्या पेठेकडे यायचे, तर बैलगाडीने नाका ओलांडूनच यावे लागे, आणि निर्गत जकातीचा भार शेवटी शेतकऱ्याच्याच भावातून वजा होई.

१९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरच्या सत्याग्रहींनी ठिकठिकाणच्या करोडगिरी नाक्यांवर हल्ले केले, ते उगीच नव्हे. खेड्यातल्या माणसाला निजामी सत्ता रोज भेटे ती तिथेच. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. चाळीसगावकडची तुकडी कन्नड, दौलताबादकडे गेली. जालना घेतले ते बुलढाण्याहून निघालेल्या तुकडीने. १७ तारखेला निजाम शरण आला.

पण संस्थान गेले म्हणून त्याची जकात लगोलग गेली, असे समजू नये. राज्यघटनेच्या कलम ३०१ ने देशांतर्गत व्यापार मुक्त केला. त्याच घटनेच्या कलम ३०६ ने मात्र हैदराबादसारख्या 'ब' वर्गातील राज्यांना केंद्राशी करार करून अशी शुल्के जास्तीत जास्त दहा वर्षे चालू ठेवण्याची मुभा दिली होती. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ते कलम वगळले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भ आणि मराठवाडा दोन्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि देऊळगाव राजा व जालना, बऱ्याच काळानंतर, एका सरकारखाली नांदू लागले.

त्यानंतरही गावोगावच्या वेशीवर नगरपालिकेची जकात होतीच. खामगाव, मलकापूरच्या व्यापाऱ्यांना ती आठवत असेल. राज्यातल्या नगरपालिकांची जकात १९९९ साली उठली. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर राज्याराज्यांच्या सीमांवरचे विक्रीकर तपासणी नाकेही हटले. आज जालन्याहून निघालेला टेम्पो देऊळगाव राजात शिरताना कोणी हटकत नाही. पार्सलाचा नाका मुंबईच्या विमानतळावर किंवा विदेश डाकघरात असतो, आणि आपल्याला तो दिसतो तेव्हा कुरिअरवाला दारात उभा असतो.