तळटीप : अक्कोचा तट
इस्रायलमधल्या अक्कोच्या तटाला लेखकाने ‘क्रूसेडरांचा तट’ म्हटले आहे. प्रवासीही सर्रास तसेच समजतात. ते पटत नाही. १२९१ मध्ये मामलुकांनी शहर जिंकून उद्ध्वस्त केले. आजचा तट बहुतांशी उस्मानी अमलातला. तोही एका दमात बांधलेला नव्हे : १७९९ मध्ये नेपोलियन ज्यापुढे अडला, ती भिंत बरीच पातळ होती, जाडजूड तट उस्मानी सुभेदार जज्जार पाशाने नेपोलियनचा वेढा उठल्यावर घातला. जमिनीखालची हॉस्पिटलर या क्रूसेडर धर्मयोद्ध्यांची दालने तरी अस्सल क्रूसेडकालीन आहेत, असा आक्षेप येईल. तो रास्तच, पण उस्मानी अमलात ती दगडमातीने बुजवून त्यांवर गढी चढवली गेली, म्हणूनच ती इतकी धड राहिली. काही ठिकाणी तटाचा पायाही जुना आहे, एवढे लेखकाच्या बाजूने म्हणता येईल.