त्रिरश्मीचे विणकर आणि आपल्या घरची पेटी



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत चार शब्द लिहा, असा कार्यकर्त्यांचा आग्रह झाला. मी गिरणीच्या साचा खात्यात काम करणारा माणूस, शिक्षण बेताचेच. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर. तरी गेल्या वर्षावासात आपण विहारात इतिहासाचे एक टेबल मांडले व दर रविवारी त्यावर भाषणे झाली, त्याविषयी लिहिणे मी माझे कर्तव्य समजतो.

ही कल्पना अंजनेरीवरून आली. त्र्यंबक रस्त्याला अंजनेरी येथे 1980 साली नाणेशास्त्राची संशोधन संस्था स्थापन झाली. डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारखा जाणकार तिच्या पायाशी होता. तिथले नाण्यांचे संग्रहालय काही फार मोठे नाही. आपली पोरं घेऊन गेलो होतो. तोफखान्याच्या संग्रहालयातल्या तोफा बघायला पोरं धावतातच, पण बोटाच्या पेराएवढ्या नाण्यापुढं गप्प उभी राहिलेली मी पहिल्यांदा पाहिली.

पोरांना मी जोगलटेंभीची हकीकत सांगितली. 1906 साली गोदाकाठच्या या गावात चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. 13 हजारांवर नाणी, क्षत्रप राजा नहपानाची. त्यातल्या 9 हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. नहपान हरला, हे सांगायला बखरकाराची गरज उरली नाही. आणि गंमत अशी की नव्या ठशाखालून जुना राजा अधूनमधून डोकावतोच!

या नहपानाचा जावई उषवदात. आपल्या त्रिरश्मी लेण्यांतले 10 क्रमांकाचे लेणे त्याने भिक्खुसंघाला दिले. (लोक पांडवलेणी म्हणतात, पण पांडवांचा तिथं काडीचा संबंध नाही.) तिथे त्याचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. भाषणासाठी त्याचा अर्थ वहीत उतरवून घेत होतो आणि एका शब्दापाशी थबकलो. कोलिकनिकाय. म्हणजे विणकरांची श्रेणी, आपल्या भाषेत विणकरांची संघटनाच म्हणा. उषवदाताने 3000 कार्षापणांची कायमची ठेव ठेवली ती गोवर्धन येथील विणकरांकडे! 2000 एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा 1 व्याजाने, आणि 1000 दुसरीकडे, शेकडा पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही. 2000 चे वर्षाचे व्याज 240. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्खूंना चिवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण. फळ्यावर खडूने मांडून दाखवले, हिशेब पैशाला पैसा जुळतो. पुढे याच लेण्यात विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी ठेव ठेवली, तीही कुंभार, तेली अशा कारागिरांच्या श्रेणींकडे.

सुमारे 1900 वर्षांपूर्वी राजाचा जावई विणकराच्या भरवशावर पैसा ठेवत होता. मी अख्खी उमर साच्यावर घालवली, पण हे मला कोणी सांगितले नव्हते.

भाषण संपल्यावर एका कॉलेजच्या पोराने विचारले, "काका, तुमचे आजोबा काळाराम सत्याग्रहात होते म्हणता, मग त्यांचं काय आहे तुमच्याकडं?"

2 मार्च 1930 ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तो सत्याग्रह सुरू झाला. दुसऱ्या दिवशी 125 पुरुष आणि 25 बायांची पहिली तुकडी मंदिराच्या चारही दरवाजांवर बसली. पुढे 1935 पर्यंत तो चालला, आणि त्याच वर्षी 13 ऑक्टोबरला येवल्याची घोषणा झाली. हे सगळे मला तोंडपाठ. पण आजोबांचे? काही नाही. एक लोखंडी पेटी होती. तिच्यात चिठ्ठ्या, पावत्या, एक ग्रुप फोटो. घर बांधायला काढले तेव्हा ती मीच रद्दीवाल्याला दिली, कागदांसकट, वजनावर. नहपानाचे नाव झाकायला दुसरा राजा लागला. आमचे मी स्वतःच किलोच्या भावाने घालवले. सगळ्यांसमोर हे कबूल करताना मान वर होईना.

कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी बाबासाहेबांची पत्रे जपली, म्हणून आज ती छापील वाचायला मिळतात. नानकचंद रत्तूंनी बाबासाहेबांच्या वस्तू वामनराव गोडबोले यांच्या हाती सोपवल्या, म्हणून चिचोलीला त्यांचा टाइपरायटर दिसतो.

त्या रविवारनंतर मात्र लोक वस्तू आणू लागले. एका आजींनी त्यांच्या आईचे पांढरे लुगडे आणले, 1956 ला नागपूरला दीक्षेच्या दिवशी नेसलेले. पोरांनी चिठ्ठी लावली, "जुने लुगडे". मी ती काढायला लावली. आजींना बसवून विचारले. कोणी नेसले, पैसे कुठून आणले, नागपूरला कोणाबरोबर गेल्या. दीड पान भरले. आता ते पान लुगड्याशेजारी असते.

तरी विनंती. वस्तू विहाराला देऊन टाकायची नाही, मालकी तुमचीच राहील. वहीत नोंद करू, फोटो काढू व परत देऊ. जुन्या फोटोंना लॅमिनेशन करू नका, खराब होतात. घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, डावीकडून उजवीकडे, नावे लिहून घ्या. आषाढी पौर्णिमेपासून टेबल पुन्हा मांडू. रद्दीत काही काढायचे असेल तर आधी मला हाक मारा, मी रात्रपाळीवरून आलो असलो तरी उठवा.

जयभीम! नमो बुद्धाय!