माकुलाचं लोणचं आणि आपली कैरी

जुन्या शहरात लोणचं म्हणजे कैरीचं. गोव्यात माकुलाचंही घालतात. माकूल म्हणजे समुद्रातला, शाई सोडणारा मऊ जीव.

पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. अमेरिकेतली मिरची त्यांच्याच जहाजांतून आपल्याकडे आली. आज ती दोन्ही बरण्यांत आहे.

फरक आंबटपणाचा. कैरी मुळात आंबट, म्हणून मीठ-तेलात टिकते. माकूल आंबट नसतं. त्याला गोव्यातल्या बायांनी नारळाच्या माडीचं व्हिनेगर दिलं. म्हणून ते घरी घालाल तर नुसत्या तेलावर विसंबू नका. साफ करा, चांगलं तळा, भरपूर व्हिनेगरात मुरवा, फ्रिजमध्ये ठेवा, लवकर संपवा.

किनाऱ्याकडची सून अशी बरणी घेऊन आली, तर परकी म्हणून नाक मुरडू नका. मग आपली मिरचीही परकीच की!