उणे १९६ अंशांची टाकी: नमुना टिकतो कसा, बिघडतो कसा?

मी भिंगारचा, काम सॉफ्टवेअरचं. आपल्याकडे गाय भरवायला डॉक्टर येतात, तेव्हा त्यांच्या गाडीवरची अ‍ॅल्युमिनियमची टाकी तुम्ही पाहिली असेल. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्थेत पेशींचे नमुने ज्या तत्त्वावर जपतात, तेच या टाकीत आहे. चला, समजून घेऊ.

उणे १९६च का?
द्रवरूप नायट्रोजन या तापमानाला उकळतो. पातेल्यात पाणी आहे तोवर ते १०० अंशांच्या वर जात नाही ना? तसंच इथे. टाकीत द्रव आहे तोवर थंडावा कायम, वीज लागत नाही. दुहेरी भिंतींमध्ये निर्वात पोकळी असते, म्हणजे मोठा थर्मासच. साधारण उणे १३० अंशांच्या खाली पेशींतलं पाणी काचेसारखं स्थिर राहतं. त्याच्या वर बर्फाचे स्फटिक वाढून पेशी फोडू लागतात. म्हणून घरचा डीप फ्रीझर इथे कामाचा नाही.

बिघडतो कुठे?
वीर्याची कांडी फक्त ०.२५ मिलीची. टाकीच्या तोंडाबाहेर काही सेकंद धरली तरी तापते. परत आत टाकली तरी झालेलं नुकसान भरून येत नाही, आणि ते डोळ्यांना दिसतही नाही. करप्ट फाइल निदान उघडत नाही. कांडी काहीच सांगत नाही. गाय उलटते, पुढच्या माजापर्यंत साधारण २१ दिवस जातात आणि खर्च पुन्हा बसतो.

काय पाहायचं?
- द्रवाची पातळी. भरीव पट्टी काही सेकंद बुडवून बाहेर हलवली की हिम जमतं, तेवढी पातळी. पोकळ नळी वापरू नका, द्रव वर उसळतो.
- डबी टाकीच्या गळ्याच्या वर काढायची नाही.
- कांडी ३७ अंशांच्या कोमट पाण्यात ३० सेकंद ठेवायची. वितळलेली पुन्हा गोठवायची नाही.
- मौल्यवान नमुने दोन टाक्यांत वाटा. हाच त्यांचा बॅकअप.

जिवाची काळजी
१ लिटर द्रवाचा जवळपास ७०० लिटर वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही, पण बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या कारमध्ये तो ऑक्सिजनची जागा घेतो आणि माणूस न कळत बेशुद्ध पडतो. त्यामुळे टाकी हवेशीर जागी, उभीच ठेवा. झाकण हवाबंद करू नका, दाब वाढतो. हातमोजे आणि चष्मा हवाच. रील बनवायला बोट घालून बघू नका, कातडी क्षणात गोठते.